बद्री खानुमचे हुकूम

काशानच्या कापडबाजारात नुसरत आगांच्या सौजन्याची ख्याती त्यांच्या मखमलीइतकीच जुनी होती. गिऱ्हाइकाने भाव विचारला की ते म्हणत, "आपल्यापुढे भावाचं काय मोठं." दुसऱ्यांदा विचारला की म्हणत, "घेऊन जा, घरचंच आहे." तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र जो भाव सांगत, तो बाजारातल्या इतर कोणत्याही दुकानापेक्षा कमी नसे. तआरुफाचे, म्हणजे या आग्रह-नकाराच्या शिष्टाचाराचे, तीन फेरे काशानमध्ये शाळकरी मूलही बिनचूक घेते. देणाऱ्याने आग्रह करावा, घेणाऱ्याने नाकारावे, आणि दोघांनी थकण्यापूर्वी एकमेकांचे मन ओळखावे. नुसरत आगा या विद्येत इतके निष्णात होते, की त्यांचा नकार ऐकण्यासाठी माणसे त्यांना मुद्दाम आग्रह करीत.

म्हणूनच दुकान मुलाच्या, सियामकच्या, हाती सोपवून घरी बसल्यावर ते जेव्हा प्रत्येक गोष्टीला नकार देऊ लागले, तेव्हा त्यात कोणालाही काही वावगे दिसले नाही. समोर चहा ठेवला की ते म्हणत, "आत्ताच झाला." फळांची परडी फिरली की म्हणत, "आधी इतरांना द्या." दारापाशी आले की बाजूला सरून थांबत आणि नातवंडांच्या वयाच्या मुलांनाही म्हणत, "आधी आपण." वजन उतरले, गळ्याची कातडी सैल झाली, तेव्हा त्यांची बहीण अख्तर कौतुकाने म्हणाली की मशहदची यात्रा करून आल्यापासून दादाचे मन या जगातून उठले आहे. कोणाच्या तरी चाळिसाव्याच्या जमावात तर मौलवींनी त्यांचे उदाहरण देऊन अल्पसंतुष्टतेवर दोन शब्द सांगितले. नुसरत आगा तेव्हा भिंतीशी बसून होते, आणि त्यांच्या पुढ्यातला हलवा तसाच निवत होता.

खरी गोष्ट त्यांच्या पत्नीला, बद्रीला, दिसली ती योगायोगाने. दुपारच्या जेवणाला तिने जमिनीवर अंथरलेल्या पांढऱ्या दस्तरखानावर पांढऱ्या ताटलीत भात वाढला होता. नुसरत आगा म्हणाले, पोट भरलेले आहे. ती आत गेली आणि लिंबू घेऊन परतली, तेव्हा ते एकटेच होते आणि तळहाताने दस्तरखान चाचपत होते. सांडलेली सुई शोधावी तसा त्यांचा हात ताटलीच्या उजवीकडून गेला, डावीकडून गेला, आणि रिकामाच परत येऊन मांडीवर बसला. त्यांनी दोन्ही हात जुळवून ठेवले. त्यांना भूक लागलेली होती. बद्री दारातच उभी राहिली. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की लिंबू आधीच कापून आणायला हवे होते.

चष्मा दोनदा बदलून झाला. डोळे तपासणाऱ्याने सांगितले, की या वयात इतके निकोप डोळे त्याने फार थोडे पाहिले आहेत. शेवटी तेहरानच्या डॉक्टरांनी उलगडा केला. स्मृतिभ्रंशाच्याच कुळातला हा आजार, पण याची सुरुवात आठवणीपासून होत नाही. पाहिलेल्याचा अर्थ लावणारा मेंदूचा मागचा भाग आधी सुकतो. डोळ्यांना ताटली दिसते, पण ती ताटली आहे हे आत कोणी सांगत नाही. बोलणे, हिशेब, माणसांची ओळख, जुन्या गोष्टी हे सारे अजून जागेवर होते आणि काही काळ राहणार होते. उपाय नव्हता, सवयी लावता येणार होत्या. परतीच्या बसमध्ये नुसरत आगांनी डॉक्टरांच्या सभ्यतेची मनापासून स्तुती केली. बद्रीला त्या दिवशी रडू आले नाही. नंतरही आले नाही. हाताला बर्फ लावून ठेवावा तसे काहीतरी तिच्या छातीशी बसले, आणि ते तसेच राहिले.

सवयी लावायला शहरनाज नावाच्या एक बाई येऊ लागल्या. मेंदूच्या आजारानंतर माणसांना रोजची कामे पुन्हा शिकवणे हा त्यांचा व्यवसाय. पहिल्या दिवशी त्यांनी घरभर फिरून पाहिले आणि मग गालिचे उचलायला लावले. त्यांच्या मधोमध असलेल्या गोल पदकाची गडद नक्षी नुसरत आगांना खड्ड्यासारखी भासत होती, आणि खड्ड्यात पाय कोण टाकील? भातासाठी गडद निळ्या ताटल्या आल्या. चहाचे नाजूक पारदर्शक पेले कपाटात गेले, लाल कप आला. ओसरीतला आरसा चादरीने झाकला. तो आठवडाभर आधीच झाकायला हवा होता, कारण एके सकाळी नुसरत आगा आरशातल्या गृहस्थाला "आधी आपण" म्हणून वाट देत बराच वेळ उभे होते, आणि तो गृहस्थही तितकाच सभ्य निघाला होता. ही हकिगत त्यांनी स्वतःच सांगितली आणि वर म्हणाले, "माणूस घराण्यातला दिसला."

त्यांच्या बोटांना मात्र काही झालेले नव्हते. डोळे मिटून ते रेशमातला सुताचा ताणा ओळखत. शहरनाज बाईंनी ते हेरले आणि दुकानातून तुकडे मागवले. त्यांच्या खुर्चीच्या हातांवर मखमल चढली, न्हाणीघराकडे जाणाऱ्या भिंतीवर कंबरेच्या उंचीने जाड्याभरड्या कापडाची पट्टी लागली, झोपायच्या खोलीच्या दाराच्या मुठीला छीट गुंडाळली गेली. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आली. अख्तर आली तेव्हा उघड्या फरशीवरून चालत तिने भिंतीवरची चिंधी दोन बोटांनी उचलून पाहिली.

"वहिनी, हे घर आहे की रफूला टाकलेला सदरा?"

बद्रीने तिला चहा दिला. भावाचा आजार अख्तरला सांगितलेला होता. पण ऐकणे आणि मानणे या दोन क्रिया आहेत, आणि अख्तरने त्यातली एकच केली होती.

या सगळ्यापेक्षा अवघड एक गोष्ट होती. शहरनाज बाई कोपऱ्यात बसून बद्री नवऱ्याला चहा कसा देते ते पाहत, आणि एकदा त्यांनी तिला थांबवले.

"बद्री खानुम, तुम्ही सांगताय की विनवताय?"

"म्हणजे?"

"'जरा मेहेरबानी करून चहा घेतलात तर बरं होईल.' यात चहा कुठे आहे ते आलंच नाही. ते नाही म्हणणार. तुम्ही पुन्हा आग्रह करणार, ते पुन्हा नाही म्हणणार, आणि चहा गार होणार. त्यांना नको आहे की सापडत नाहीये, हे तुम्हालाही कळणार नाही. 'कप उजवीकडे आहे. हात पुढे करा. धरा.' एवढंच. एका वेळी एक."

चार दशकांच्या संसारात बद्रीने नवऱ्याला हुकूम केला नव्हता. हा धाकाचा भाग होता असे कोणी म्हणेल तर ते चूक आहे. त्या घरात दोघेही एकमेकांना विनवीत असत आणि त्यात दोघांनाही सुख होते. विनंतीला माया आणि आज्ञेला उद्धटपणा समजणे ही तिची एकटीची समजूत नव्हती, गावाची होती. तरीही ती शिकली. पहिल्या दिवशी "हात पुढे करा" म्हणताना तिचा आवाज फाटला. मग फाटेनासा झाला, कारण त्यातले बाकी सगळे तिने काढून टाकले. नुसरत आगांचे वजन सावरले. ते चहा पिऊन म्हणत, "हाताला देव बरकत देवो," आणि ती म्हणे, "कप खाली ठेवा. अजून खाली. सोडा."

त्यातच धाकटी मुलगी गुलनूश हिला मागणी घालायला येण्याबद्दल विचारणा झाली. स्थळ हाजी रहमतांच्या घरचे होते. गुलाबपाण्याचा पिढीजात धंदा, एकुलता मुलगा अर्दलान, आई तूबा खानुम गावात तिच्या मऊ जिभेसाठी नावाजलेली. गुलनूश बँकेत होती, अर्दलान तिथे येत असे, आणि दोघांचे मन एकमेकांवर आहे हे दोन्ही घरांना कळलेले होते. गुरुवारची संध्याकाळ ठरली.

सियामकने आपला बेत मांडला. वरच्या जागेवर हबीब काकांनी बसावे, बोलणी त्यांनी करावी, आणि बाबांना ताप आहे असे सांगून त्यांना आतल्या खोलीत ठेवावे. नुसरत आगा मखमलीच्या खुर्चीत बसून हे ऐकत होते.

"ताप मलाच येणार आहे ना? की काकाला येईल, तेही एकदा ठरवून घ्या."

"बाबा, थट्टा नाही ही. तुम्ही मिठाईऐवजी हाजींची टोपी उचलून पुढे केलीत तर?"

"तर ती त्यांना परत मिळेल." मग त्यांचा आवाज बदलला. "माझ्या मुलीला मागायला माणसं येणार आणि मी माझ्याच घरात नाही? दार मी उघडणार, सियामक. बसा मी म्हणणार, घ्या मी म्हणणार. आणि माझ्या डोक्यात काय सुकतंय ते त्या दिवशी कोणी काढायचं नाही. लग्नाला ती उभी राहणार आहे, माझ्या तपासण्या नाही."

गुलनूशने हळूच विचारले, की अर्दलानला तरी सांगावे का. ते म्हणाले, बोलणी होऊ दे, मग मी स्वतः हाजींना सांगेन. ही फसवणूक होती का, यावर वाद घालता येईल. काही दिवस उशिरा सांगितलेले सत्य असत्य ठरते का, हे ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावे. बद्रीने त्यावर मत दिले नाही. तिला फक्त एवढे कळले, की नवऱ्याला यजमान म्हणून शेवटचे बसायचे आहे, आणि ते तिच्यावाचून होणार नाही.

त्यांनी तालीम केली. आधी खुणा ठरवून पाहिल्या. गुलनूशने पेल्यावर चमचा वाजवायचा, एकदा डावीकडे, दोनदा उजवीकडे. पण चमचा, बोलणे आणि ताटली हे तिन्ही एकदम आले की नुसरत आगा मध्येच हरवत. मग बद्रीने हुकूम सौजन्यात गुंडाळून पाहिले. "आगा, पाहुण्यांनी अजून काही घेतलं नाही बहुतेक, मिठाई आपल्या जवळच असेल" असे म्हटल्यावर त्यांनी हसत हात पुढे केला, हवेतच ताटली धरल्यासारखा फिरवला, आणि खरी ताटली कोपराने लोटून दिली. पिस्त्याची मिठाई फरशीवर पसरली. गुलनूश ती गोळा करू लागली. बद्री म्हणाली, "थांबा. हात खाली. डावीकडे. ताटली. धरा. उचला. समोर." ताटली सरळ समोर आली.

"मामान, त्यांच्यासमोर असं बोलणार आहेस?" गुलनूश गुडघ्यांवरच बसून होती. "मी बाबांच्या शेजारी बसते ना. हात धरून दाखवते."

"हात धरला की पाहुण्यांना प्रश्न पडेल, हे आंधळे आहेत की वेडे आहेत. विचारतील."

"आणि हे ऐकून काय वाटेल त्यांना?"

"जे वाटेल ते माझ्याबद्दल वाटेल."

गुलनूशने मिठाईवरची धूळ फुंकली, आणि ती पाहुण्यांना देता येणार नाही म्हणून एक तुकडा स्वतः खाल्ला आणि एक आईला दिला. बद्रीने तो चावला. त्याला काही चव लागली नाही.

गुरुवारी बद्री न्हाऊन बाहेर आली तेव्हा दिवाणखान्यात मोठा गालिचा अंथरलेला होता. सियामकने दुपारी दुकानातल्या गड्यांकरवी तो आणवला होता. उघड्या फरशीवर मागणीचे पाहुणे बसवले तर गाव म्हणेल, यांनी गालिचे विकून खाल्ले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. गालिचा उत्तम होता, नुसरत आगांच्या आईच्या माहेरचा. लाल जमिनीवर मधोमध गडद निळे पदक. बद्रीने तो पाहिला, आणि तो गुंडाळायला सांगेपर्यंत दाराची घंटा वाजली.

हाजी रहमत, तूबा खानुम आणि अर्दलान आले. अर्दलानच्या हातात फुलांची मोठी परडी होती, तूबा खानुमच्या हातात मिठाईची पेटी. नुसरत आगांनी दार स्वतः उघडले, कारण त्या मुठीचा स्पर्श त्यांना माहीत होता. छातीवर हात ठेवून ते बोलू लागले. या घराचा उंबरा आज उजळला, आपण आमच्या डोळ्यांवर पाय ठेवून आलात. हाजी रहमत भारावले. बद्री मागे उभी राहून पाहत होती, आणि क्षणभर तिला तो जुना, दुकानातला माणूस दिसला.

सगळे दिवाणखान्याच्या दाराशी आले. नुसरत आगा बाजूला सरले.

"आधी आपण."

"छे छे, घर आपलं. आधी आपण."

"पाहुण्यापुढे यजमान कसा जाईल?"

"वडीलधाऱ्याच्या पुढे मी कसा जाऊ?"

हाजी रहमतांना हे फार आवडले. असा कसलेला गडी त्यांना खूप दिवसांत भेटला नव्हता. ते आणखी वाकले, नुसरत आगा आणखी मागे सरले. तूबा खानुम कौतुकाने हसत होती. हबीब काकाही हसत होते. तिसरा फेरा झाला, चौथा झाला. नियमाप्रमाणे आता वयाने मोठ्याने मान तुकवून पुढे व्हायला हवे होते, आणि मोठे नुसरत आगा होते. हाजींनी त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना पुढे केले. नुसरत आगा गालिच्याच्या काठावर थांबले. एक पाय उचलला, खाली आणला, पुन्हा मागे घेतला. "नाही, नाही, माझ्याच्याने होणार नाही," ते हसत म्हणाले, आणि त्या हसण्यातला कंप त्या घोळक्यात फक्त बद्रीला ऐकू आला.

"पाय उचला," बद्री म्हणाली. "उजवा. पुढे टाका. खाली जमीन आहे. टाका. आता डावा."

हसणे थांबले. नुसरत आगांनी पाय टाकला.

"चला. थांबू नका. अजून. वळा. खुर्ची मागे आहे. बसा."

ते बसले. त्यांचे तळवे मखमलीवर फिरले आणि स्थिरावले. पाहुणे आपापल्या जागी बसले. अर्दलानने फुले कुठे ठेवावी हे कोणी न सांगितल्याने ती मांडीवरच धरून ठेवली.

मग संध्याकाळ झाली तशी झाली. नुसरत आगा उत्तम बोलले. गुलाबाच्या हंगामावर बोलले, हाजींच्या वडिलांनी त्यांच्या दुकानातून नेलेल्या कापडाचा रंग त्यांनी सांगितला, अर्दलानला त्याच्या कामाबद्दल अचूक प्रश्न विचारले. पण घरातला माणूस मिठाई पुढे करतो तेव्हा हात रिकामा राहून चालत नाही, आणि प्रत्येक वेळी बद्रीचा आवाज आला. "हात डावीकडे. ताटली. उचला. हाजींना द्या. समोर. तिकडे नाही, समोर." चहा आला तेव्हा म्हणाली, "कप उजवीकडे. धरा. गरम आहे. प्या." काकडी सोलून पाहुण्याच्या ताटलीत ठेवण्याचा मान यजमानाचा, आणि नुसरत आगांना तो सोडायचा नव्हता. बोटांनी साल चाचपत त्यांनी काकडी सुरेख सोलली, पण ती ठेवायची कुठे हे बद्रीलाच सांगावे लागले, आणि तिला दोनदा सांगावे लागले. एकदा ते विनोद करून वाचवायला गेले. "आमच्या घरी हुकूम खानुमचा, सरबत माझं," असे म्हणाले. हाजी रहमत हसले नाहीत. त्यांनी नुसरत आगांकडे करुणेने पाहिले. तूबा खानुमने बद्रीकडे पाहिले, आणि मग आत चहा घेऊन उभ्या असलेल्या गुलनूशकडे.

बद्रीला हे सारे दिसत होते. लाज वाटायला हवी होती. लाजेची जागा तिला सापडली, हात लावून पाहिली, ती सुन्न होती. गालिच्याचा काठ, ताटली, कप, सुरी यांवर तिची नजर पाळीपाळीने फिरत राहिली, आणि पाहुण्यांना निरोप देताना नुसरत आगा पायरीवर न अडखळता दारापर्यंत गेले.

पाहुणे गेल्यावर ते खुर्चीत परत आले आणि म्हणाले, "झालं ना नीट?"

"झालं."

"मी एकदाही पडलो नाही."

"नाही."

"तुझा आवाज नसता तर," ते म्हणाले. मग खुर्चीवर मान टेकून झोपी गेले.

चार दिवस हाजींकडून काही आले नाही. मग तूबा खानुमचा फोन आला. ती फार गोड बोलली. म्हणाली, आपलं घराणं मोठं, आमची पायरी लहान, गुलनूश खानुमला आमच्याकडे सुख देण्याची आमची लायकी नाही. हा नकार होता. याहून स्पष्ट नकार त्या गावात देत नाहीत. खरे कारण अख्तरने आणले, कारण तिची नणंद तूबा खानुमच्या शेजारी राहते.

"म्हणतात, बाप हिरा आहे. आणि बाई त्या हिऱ्याला चाबकानं हाकते. मुलगी आईच्या वळणावर जाते, उद्या आमच्या अर्दलानला म्हणेल, ऊठ, बस, गीळ." अख्तरने चहा फुंकला. "मी किती सांगितलं होतं, हबीबला बसवा. पण इथे माझं ऐकतो कोण."

सियामक चिडला. आताच्या आता फोन करून आजार सांगावा असे त्याचे मत पडले. गुलनूश नको म्हणाली. आजार सांगितला तरी काय, बाप वेडा निघाला म्हणून नाही म्हणतील, आई उद्धट म्हणून नाही म्हणण्याऐवजी. फरक कोणाला पडतो? तिचा आवाज सपाट होता. तो आईकडून आला होता, पण हे तूबा खानुमला ज्या अर्थाने वाटले त्या अर्थाने नव्हे.

नुसरत आगांना कोणी काही सांगितले नव्हते. संध्याकाळी जेवताना त्यांनी बद्रीला विचारले, "काय म्हणाले ते?"

जुनी बद्री म्हणाली असती, विचार चालू आहे, देवाची इच्छा असेल तसे होईल. पण त्यांच्याशी तसे बोलायची सवय आता मोडली होती.

"नाही म्हणाले."

"का?"

"मी तुम्हाला नीट वागवत नाही म्हणून."

त्यांचा घास हातातच राहिला. बद्री म्हणाली, "घास तोंडाशी न्या. खा." त्यांनी तो परत ताटलीत ठेवला, आणि या खेपेस तो ताटलीतच पडला.

"मला फोन लावून दे. हाजींना."

तिने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी नमस्कार, चौकशी, कुटुंबाची खुशाली यातले काहीही केले नाही. गुलनूश दारात येऊन उभी राहिली.

"हाजी, नुसरत बोलतोय. मध्ये बोलू नका, मला पूर्ण सांगू द्या. माझ्या मेंदूला आजार आहे. डोळे चांगले आहेत, पण दिसलेलं कळत नाही. पुढे बाकीचंही कळेनासं होणार आहे. त्या दिवशी दाराशी मी आदर करत नव्हतो, मला गालिच्यात खड्डा दिसत होता. माझी बायको बोलली म्हणून मी पाय टाकला. ती बोलते म्हणून मी जेवतो. हे लपवायला मी सांगितलं होतं, तिनं नाही. तुमच्या घरात तिच्याबद्दल जे बोललं गेलं, ते मागे घ्या. बाकी तुमची मर्जी."

पलीकडून खूप वेळ हाजी रहमतांचा आवाज येत राहिला. नुसरत आगा "हं" म्हणत राहिले. फोन ठेवताना बद्रीने त्यांची बोटे उलगडली.

"उद्या येतो म्हणाले. दोघंही."

गुलनूश आत गेली. थोड्या वेळाने तिच्या खोलीतून इस्त्रीचा वास आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली. फरशी उघडीच होती, गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केला होता. बद्रीने दार उघडले. तूबा खानुमने उंबऱ्यातच तिला मिठी मारली आणि रडू लागली. म्हणाली, मला माफ करा बहिणी, माझी जीभ झडो, मी काय काय बोलले, तुम्ही तर संत आहात. तिचे रडणे खरे होते. बद्रीला आपला खांदा ओला झाल्याचे कळले, आणि तिने तूबा खानुमच्या पाठीवर दोनदा थोपटले. मागे हाजी रहमत उभे होते, एकटे. अर्दलान आलेला नव्हता. हाजींच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि ती जड असल्याने त्यांचा हात लांबला होता.

नुसरत आगा मखमलीच्या खुर्चीतून उठून उभे राहिले. "या, या. हाजी, डोळ्यांवर या." हाजींनी त्यांचे दोन्ही खांदे धरून गालांचे मुके घेतले आणि प्रकृती विचारली, झोप लागते का विचारले, तेहरानच्या डॉक्टरांचे नाव विचारले. एका वेळी एक, मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावे तसे. पिशवी त्यांनी मेजावर ठेवली. आत धातू धातूवर आपटला.

गुलनूश स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तो आवाज ऐकला आणि पिशवीकडे पाहिले. मागणी घालायला येणारा फुले आणतो, मिठाई आणतो. पाकातल्या फळांचे डबे माणूस आणतो ते आजाऱ्याच्या भेटीला. हे काशानमध्ये कोणाला सांगावे लागत नाही. ती परत आत वळली आणि चहा ओतू लागली.

नुसरत आगांनी मान आवाजाच्या दिशेने वळवली.

"बद्री, काय आणलंय त्यांनी?"

हाजी रहमत घाईने म्हणाले, काही नाही, आपल्या योग्यतेचं काहीच नाही, आम्हीच संकोचलो. नुसरत आगा त्यांच्याकडे वळले नाहीत. ते बद्रीच्या आवाजाची वाट पाहत होते.

"अननसाचे डबे," ती म्हणाली.

नुसरत आगांनी होकारार्थी मान हलवली आणि हाजींना म्हणाले, की बसा, उभे का, चहा येतोच आहे. बद्रीने सांगितले, "खुर्ची मागे आहे. बसा." ते बसले, आणि पाहुणेही बसले.